प्रार्थना करूनही मुलगा गेला, आता सेवा सोडू का? एका तरुण पाळकाच्या प्रश्नाला उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. हा भाऊ एका लहान गावात स्वतंत्र मंडळी, म्हणजे कुठल्या मोठ्या पंथाखाली नसलेलं चर्च, चालवतो, सेवेत येऊन काही वर्षं झालीत. मंडळीतल्या एका घरातला लहान मुलगा आजारी पडला, सगळ्यांनी उपवास प्रार्थना केली, रात्री जागवल्या, याने मुलाच्या आईला सांगितलं की प्रभू याला नक्की उठवणार, आणि मुलगा गेला. तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की शब्द येत नाहीत, रविवारी संदेश देताना आपण ढोंग करतोय असं वाटतं, त्यात घरभाडं थकलंय, बायको विचारते पुढे काय, आणि बोलायचं तरी कोणाशी, पाळकच डळमळतोय हे मंडळीला कळलं तर काय होईल ही भीती. विचारतो, सेवा सोडू का, आणि देवावर अवलंबून राहायचं म्हणजे नक्की करायचं तरी काय.

भावा, तू म्हणतोय, राग मानू नकोस, माझ्या मोठ्या मुलाच्या वयाचा असशील. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत पाळक म्हणून आणि नंतर एका मिशन हॉस्पिटलात चॅप्लेन, म्हणजे रुग्णांचा पाळक, म्हणून माझी सगळी उमेदीची वर्षं गेली, आता रिटायर झालोय. मुलं गेलेली पाहिलीत, बरी झालेलीही पाहिलीत, आणि दोन्ही वेळेला प्रार्थना तीच होती. त्यामुळे जे सांगतोय ते त्या वॉर्डात उभं राहून शिकलेलं आहे असं समज.

संशय आला एवढ्या कारणावरून सेवा सोडू नकोस. मत्तयाच्या शुभवर्तमानाचं शेवटचं पान उघड, 28वा अध्याय. अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर जातात, उठलेल्या येशूला पाहतात, नमन करतात, आणि त्याच 17व्या वचनात लिहिलंय की काहींना संशय वाटला. हे वचन आपण नेहमी वगळतो, कारण पुढे महान आज्ञा आहे, सर्व राष्ट्रांत जा, शिष्य करा, बाप्तिस्मा द्या, ते सगळं आपल्याला पुलपिटवरून जोरात सांगायचं असतं. पण जरा थांबून बघ, ती आज्ञा कोणाला दिली? समोर जे उभे होते त्यांनाच, त्यातले काही अजून संशयात होते. येशूने त्यांना बाजूला काढलं नाही की तुमचा विश्वास पक्का झाला की या. 18व्या वचनात तो त्यांच्या जवळ येतो आणि बोलतो. जवळ येणं त्याचं आहे, आणि शेवटी मी सदैव तुमच्याबरोबर आहे हेही त्याचंच आहे. मी कितीतरी वेळा या एका वचनावर दिवस काढलेत.

आणि योहान बाप्तिस्मा करणारा बघ. यार्देनेच्या काठी सगळ्यांसमोर बोट दाखवून सांगणारा माणूस की हा पाहा देवाचा कोकरा, तोच माणूस तुरुंगात पडल्यावर शिष्यांना पाठवून विचारतो की जो येणार होता तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी. आणि येशू काय करतो, जे चाललंय ते निरोप्यांना सांगतो आणि लगेच लोकांसमोर योहानाची थोरवी गातो, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत याच्यापेक्षा मोठा कोणी नाही म्हणतो. ज्या दिवशी त्याची शंका येशूपर्यंत पोचली त्याच दिवशी त्याची ही स्तुती झाली. पण हेही लक्षात घे की योहान तुरुंगातून सुटला नाही. तिथेच त्याचा शिरच्छेद झाला. त्याने शंका मात्र थेट येशूकडेच पाठवली, आणि तू नेमकं तेच करायला घाबरतोयस असं मला तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. तू देवाशी बोलायचं थांबवलंस कारण आता जे बोलावंसं वाटतं ते पाळकाच्या तोंडी शोभत नाही असं तुला वाटतंय.

शोभतं. स्तोत्रसंहितेत 88वं स्तोत्र आहे, ते अंधारावरच संपतं, शेवटी तरीही मी तुझी स्तुती करीन वगैरे काही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, देवाच्या लोकांच्या उपासनेसाठी ठेवलेलं आहे. यिर्मया संदेष्टा तर देवाला तोंडावर म्हणतो तू मला फसवलंस. तू आता प्रार्थनेला बसलास की तुझी नेहमीची वाक्यं आणू नकोस, ते 88वं स्तोत्र मोठ्याने वाच आणि उठ. रोज एवढंच केलंस तरी चालेल. शब्द येत नसतील तर दुसऱ्याचे शब्द घ्यायचे, त्यासाठीच ते लिहून ठेवलेत. आपल्या स्वतंत्र मंडळ्यांमधे लिहिलेल्या प्रार्थनेला जरा कमी लेखतात, पण कोरड्या दिवसांत प्रभूची प्रार्थना, जुनी गीतं, उपासनासंगीत या आपल्या गीतपुस्तकातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं यांनी मला धरून ठेवलंय.

आता पंडिता रमाबाईंबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या लोकांना त्यांचं पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं काम माहीत असतं पण त्यांची श्रद्धा कशी घडली ते फार कमी जणांना माहीत असतं. 1874च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, बहीण गेली. वडील अनंतशास्त्री मोठे विद्वान, सगळं घर तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरलेलं, सगळं आयुष्य देवाच्या नावाने घालवलेली माणसं आणि शेवट उपासमारीत. नंतर भाऊ गेला. 1880 साली लग्न झालं आणि 1882 साली नवरा कॉलराने गेला, पदरात लहान मनोरमा. 1883च्या सप्टेंबरात इंग्लंडमधे वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. आपल्याला वाटतं इथे गोष्ट संपली, प्रश्न सुटले. पण बाप्तिस्म्यानंतरच त्यांचे खरे वाद सुरू झाले, त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल, वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रव्यवहार आहे, त्यात त्या कोणाचंही नुसतं ऐकून मान डोलवत नाहीत. आणि पुढे त्यांनी स्वतः साक्ष दिली की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, 1891च्या सुमारास, त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं तेव्हा ही बाई अजून शोधतच होती! काम चालू होतं, विधवा मुलींना शिकवणं चालू होतं, आणि आतला शोधही चालू होता. सगळं मनात पक्कं होईपर्यंत त्या थांबल्या असत्या तर त्या मुलींचं काय झालं असतं सांग.

तुझा दुसरा प्रश्न, देवावर अवलंबून राहणं, त्यालाही रमाबाईंचंच उदाहरण देतो. अमेरिकेत त्यांच्या कामासाठी जी संस्था उभी राहिली होती तिने दहा वर्षांपुरती मदत कबूल केली होती. ती मुदत संपल्यावर काय, म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली, उत्पन्नातून पुढे काम चालावं म्हणून. त्या पुढे जगभर ओळखल्या गेल्या त्या विश्वासाने काम चालवणारी बाई म्हणून, आणि त्याच बाई आधी बाग लावत होत्या, हिशोब करत होत्या. मग 1896-97चा दुष्काळ पडला, मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली त्यांनी आणल्या, आणि बागेसाठी घेतलेल्या त्या जमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं. झाडं लावताना त्यांना हे माहीत नव्हतं. मला यातून एवढं कळतं की डोकं चालवणं, तरतूद करणं आणि देवावर टाकणं ही एकमेकांच्या विरुद्ध असलेली कामं नाहीत. नांगरट, पेरणी शेतकरी करतो, पाऊस त्याच्या हातात नसतो, आणि पाऊस हातात नाही म्हणून कोणी पेरणी सोडत नाही, तसंच हे आहे.

तुझ्या भाड्याचं म्हणशील तर, प्रेषित पौल करिंथात तंबू शिवत होता, प्रेषितांची कृत्ये 18, आणि फिलिप्पैकरांनी पाठवलेली मदतही त्याने आनंदाने घेतली. दोन्ही केलं. तू ट्यूशन घे, अर्धवेळ काम कर, काहीही प्रामाणिक काम कर, त्यात कमीपणा नाही. आपल्याकडे एक विचित्र समज पसरलाय की फुलटाइम सेवेत असलेल्या माणसाने नोकरी केली म्हणजे त्याचा विश्वास कमी पडला. हे शास्त्रात कुठेच नाही. आणि मंडळीच्या जबाबदार तीन-चार जणांना बसवून घरातली परिस्थिती स्पष्ट सांग, आकड्यांसकट, भाडं एवढं, किराणा एवढा, दानपेटीत येतं एवढं. लाजू नकोस. देव तुला मंडळीतर्फे खाऊ घालणार असेल तर मंडळीला कळायला तरी पाहिजे ना. आणि या बैठकीला बायकोला बरोबर ने, ती सगळं सोसतेय आणि तिला कोणी विचारत नाही, पाळकाच्या घरात हे फार होतं.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठव, 1 राजे 17. देवानेच त्याला करीथ ओढ्याकाठी पाठवलं होतं, कावळे भाकरी आणत होते, आणि तो ओढा आटला. देवाने सांगितलेल्या जागी असूनही आटला, कारण देशात पाऊसच नव्हता. एलीयाचं काही चुकलं नव्हतं. मग देवाने पुढची जागा सांगितली, सारफथची विधवा, तिच्याकडेही मूठभर पीठच होतं. पैसा आटला म्हणजे देवाने सोडलं किंवा आपण चुकीच्या जागी आहोत असा अर्थ लगेच काढू नकोस, कधी कधी त्याचा अर्थ फक्त एवढाच असतो की पाऊस पडलेला नाही.

आता सगळ्यात अवघड भाग, तो मुलगा.

तू आईला नक्की म्हणालास. मला कळतं तू का म्हणालास, समोर आई रडत असते, सगळे तुझ्याकडे बघत असतात, आणि नुसतं बघूया म्हणणं विश्वासाची कमी वाटते. पण देवाने जे सांगितलेलं नाही ते देवाच्या नावाने कबूल करायचा अधिकार आपल्याला नाही. मागायचा अधिकार आहे, रडून, हट्टाने, पुन्हा पुन्हा मागायचा. वॉर्डात मी अशी प्रार्थना करत आलोय की प्रभू, हे लेकरू आम्हाला हवंय, याला बरं कर, आम्ही तुझ्यापाशीच मागतोय, डॉक्टरांच्या हाताला यश दे, आणि काहीही झालं तरी या आईला एकटी सोडू नकोस. यात विश्वास कमी नाही, कारण गेथशेमानेत प्रभूने स्वतः असंच मागितलं, हा प्याला दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको. त्यालाही तो प्याला प्यावाच लागला.

आणि तुझ्या मंडळीत कोणीतरी नक्की कुजबुजत असेल की कुठेतरी विश्वास कमी पडला, घरात काहीतरी पाप असेल. हे पाळक म्हणून तू बंद करायचं, आणि ठामपणे बंद करायचं. योहान 9 मधे शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हेच विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं, आणि येशूने दोन्ही नाकारलं. पौलाच्या हातून माणसं बरी झाली आणि त्याच पौलाने 2 तीमथ्य 4:20 मधे लिहिलंय की त्रफिमाला, म्हणजे आपल्या सोबत्याला, मी मिलेतात आजारीच सोडून आलो. एकच ओळ, काही स्पष्टीकरण नाही. पौलाचा विश्वास कमी पडला असं कोणी म्हणेल का? तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, तुझा विश्वास वाढव म्हणत नाही. या ओळी पुलपिटवरून वाचून दाखव. आणि हे सांगतोच आहे तर अजून एक, प्रार्थनेच्या नादात कोणाला औषध थांबवायला सांगू नकोस, टीबीच्या गोळ्या, शुगरच्या, फिट्सच्या, कोणी साक्ष द्यायला उभा राहून मी गोळ्या सोडल्या म्हणाला तर तिथेच प्रेमाने सांग की डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत. यावरून माणसं जातात, मी पाहिलंय, आणि मग देवाचं नाव बदनाम होतं.

त्या आईकडे जा. मला वाटतं तू तिला टाळतोयस, तू लिहिलं नाहीस पण ओळींमधून जाणवतं. जाताना बायबल काखेत मारून मोठं वचन शोधत जाऊ नकोस. बस, पाणी पी, मुलाचं नाव घे, त्याच्याबद्दल विचार, तो काय खायचा, कोणाशी खेळायचा. लोक गेलेल्याचं नाव घ्यायचं टाळतात आणि आईला तर तेच नाव कोणीतरी घ्यावं असं वाटत असतं. आणि मग सरळ सांग की मी तुम्हाला नक्की उठेल म्हणालो होतो, ते माझ्या आशेने बोललो, देवाने मला तसं सांगितलं नव्हतं, माझं चुकलं. याने ती तुझ्यापासून तुटणार नाही. आत्ता तिच्या मनात दोनच पर्याय आहेत, एकतर देव खोटं बोलला किंवा तिच्यात काही खोट होती, आणि तू हे बोललास की दोन्ही ओझी तिच्यावरून उतरतात. देवाची इच्छा होती, तो चांगल्या जागी आहे, देवाला फूल आवडलं, असली वाक्यं बोलू नकोस. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे कबरेपाशी जाताना येशूला माहीत होतं, तरी तो आधी रडला. शाळा सुरू झाल्या की जा, नाताळ आला की जा, त्याच्या वाढदिवसाला जा. पहिल्या आठवड्यात सगळे येतात, नंतर कोणी येत नाही.

ढोंगाबद्दल. जे वाटत नाही ते वाटतंय असं दाखवणं म्हणजे ढोंग. जे खरं आहे म्हणून तू वाचतोस, ते आज तुला जाणवत नाही, हे ढोंग नाही. पुलपिटवर तू तुझ्या भावना सांगायला उभा राहत नाहीस, वचन वाचायला आणि उलगडायला उभा राहतोस. साक्ष फुगवू नकोस, आत्ता मला प्रभू म्हणाला असं म्हणू नकोस, रडू आलं नाही तर आणू नकोस, आवाज चढवू नकोस, आणि मग निश्चिंतपणे संदेश दे. कित्येकदा असं होतं की आपल्याला कोरडा वाटलेला संदेशच कोणाला तरी धरून जातो, आणि आपल्याला ते महिनोन् महिने कळतही नाही.

संख्येचा विचारही तुला खातोय, किती बाप्तिस्मे झाले, स्पॉन्सरला रिपोर्ट काय देऊ. इंग्लंडचा मिशनरी विल्यम कॅरी 1793 साली बंगालात उतरला आणि पहिला बाप्तिस्मा, कृष्ण पाल याचा, 1800च्या डिसेंबरात झाला. मधल्या काळात मुलगा गेला, बायकोचं मानसिक संतुलन बिघडलं. पुढे 1812 साली सेरामपूरच्या छापखान्याला आग लागून हस्तलिखितं जळाली, परत बसून काम केलं. आपल्या मराठी नव्या कराराची पहिली छपाई त्याच सेरामपूरहून झालेली आहे. ती सात वर्षं रिपोर्टात लिहायची म्हटली तर काय लिहिलं असतं त्याने? मी पेरलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढ देवाने दिली, असं पौल म्हणतो. वाढीचा हिशोब तुझ्याकडे मागितलेला नाही, विश्वासूपणाचा मागितलाय.

एक गंभीर गोष्ट. तू लिहिलंस की झोप लागत नाही, जेवण जात नाही, आणि एका वाक्यात असंही लिहिलंस की कधी कधी नसतो तर बरं असं वाटतं. हे संशयाच्या खात्यात टाकू नकोस. एलीयाही रतामाच्या झुडपाखाली बसून माझा प्राण घे म्हणाला होता, आणि देवाने त्याला काही शिकवलं नाही, झापलंही नाही, दूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत उठवून खाऊ घातलं, तुला प्रवास झेपणार नाही म्हणून. बोलणं नंतर झालं. तू या आठवड्यातच डॉक्टरला दाखव, सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि 14416 हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याचा हेल्पलाइन नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरात बायकोला हे वाक्य जसं मला लिहिलंस तसं सांग. डिप्रेशनवर गोळी घेणारा पाळक कमी विश्वासाचा नसतो. आणि आठवड्यातला एक दिवस मोबाईल बंद करून सुट्टी घे, सोमवार घे, मंडळीला जाहीर सांगून घे.

बोलायला माणूस पाहिजे, आपल्या मंडळीबाहेरचा. दुसऱ्या पंथाचा असला तरी चालेल, एखादा म्हातारा सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा) पाळक, एखादे कॅथलिक फादर, सेमिनरीतला जुना मास्तर. जो ऐकून लगेच उपवासाचा सल्ला देणार नाही असा निवड. पौलाने 2 करिंथ 1 मधे लिहिलंय की आशियात आमच्यावर एवढं ओझं आलं की जगायचीही आशा सोडली होती, आणि हे झालं ते अशासाठी की आम्ही स्वतःवर नाही, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा. हे त्याने कोणाला लिहिलं, करिंथच्या मंडळीला, जी आधीच त्याला कमी लेखत होती! आणि लगेच पुढे म्हणतो तुम्हीही प्रार्थनेने आम्हाला मदत करा. प्रेषिताला मंडळीची प्रार्थना मागायला लाज वाटली नाही, तर तूही माग, सगळं उघड करायची गरज नाही, एवढंच म्हण की माझ्यासाठी प्रार्थना करा, मी थकलोय.

सेवा सोडायची वेळ कधी येऊ शकते तेही सांगतो, म्हणजे हा दरवाजा बंद आहे असं तुला वाटायला नको. तब्येत कोसळत असेल, घर मोडत असेल, किंवा शांतपणे, माणसांशी बोलून, वर्षभर विचार करून कळलं की आपलं काम दुसरं आहे, तर सोड, देव तुला सेवेपेक्षा जास्त ओळखतो, पाळकपण गेलं म्हणून लेकरूपण जात नाही. पण आत्ता, दुःखाच्या भरात, निर्णय घेऊ नकोस. तीन-चार महिन्यांसाठी काम कमी कर, घरोघरच्या कॉटेज मीटिंग निम्म्या कर, संदेशासाठी शेजारच्या पाळकांना बोलाव.

आणि येत्या रविवारी काय बोलू असं विचारलंयस तर स्तोत्र 13 घे. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोन वचनांत चार वेळा कोठवर, कोठवर असं विचारलंय. मंडळीकडून मोठ्याने वाचून घे, दोनदा. मग ज्यांच्या मनात असा कोठवर आहे त्यांनी गप्प बसून तो देवाला सांगावा म्हणून पाच मिनिटं दे, मागे कीबोर्ड वाजवू नकोस. त्या आईला आधीच सांगून ठेव की आज हे स्तोत्र वाचणार आहोत, आणि तिला यावंसं वाटलं नाही तर येऊ नये असंही सांग. संदेश दहा मिनिटांचा झाला तरी पुरे.